कुलूप लावलेल्या कॉम्प्युटरवरची चौकट

"मॅडम, मी इथं येतो हे गावात कोणाले समजन तं नाही ना?" यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत हे विचारतात. त्यातल्या एकाचा अनुभव त्याच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

वय सव्वीस. घरच्या पुढच्या खोलीतच त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र. झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं. तीन भेटींत जरा सावरला आणि मग एकाएकी यायचा बंद झाला. फोनही उचलेना.

महिन्याभरानं आला तेव्हा कळलं. जुलैचा शेवटचा आठवडा, पीकविम्याची गर्दी. तो आत पाणी प्यायला गेला. कॉम्प्युटर लॉक होता, पासवर्ड फक्त त्यालाच माहीत. तरी लॉक झालेल्या पडद्यावर एक चौकट उमटली: 'उद्या ११ वाजता समुपदेशन'. बाकावर सातबारा घेऊन बसलेल्या एका आजोबांनी ती मोठ्यानं वाचली आणि भोळेपणानं विचारलं, "समुपदेशन म्हंजे काय असते बा?" आतून आई बाहेर आली. तो म्हणाला, सरकारी ट्रेनिंग आहे. त्या रात्री पुन्हा झोप नाही.

'त्यात लाजायचं काय?' असं मी त्याला म्हटलं नाही. गावात लग्नाची बोलणी चालू असलेल्या पोराला असं सांगणं सोपं असतं, पण भोगायचं त्याला असतं. आपलं दुखणं कोणाला, कधी सांगायचं हे त्यानंच ठरवायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नं गोपनीयतेचा हक्क दिलाच आहे. आणि ती आठवण कॅलेंडरवर पाठवणारी मीच होते. मी त्याची माफी मागितली.

मग माझा लॅपटॉप मध्ये ठेवून बसलो. पासवर्डमुळे आतलं कोणी उघडू शकत नाही, पण नोटिफिकेशन लॉक स्क्रीनवरही येऊ शकतं, हे त्याला पटायला वेळ लागला. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथं नोटिफिकेशन्स. विंडोज ११ असेल तर वरच्या बटणाशेजारचा बाण दाबून यादी उघडावी लागते. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन दाखवण्याची खूण त्यानं काढली आणि उठायला लागला. मी थांबवलं. रिमाइंडर आणि येणारे कॉल यांची खूण वेगळी असते, आणि त्याचा घात रिमाइंडरनंच केला होता. तीही काढली. पर्सनलायझेशनमधल्या लॉक स्क्रीनच्या पानावरून कॅलेंडर किंवा मेलची माहिती दाखवता येते, तेही पाहायला सांगितलं.

तो म्हणाला, सगळंच बंद केलं तर गिऱ्हाइकाचे मेल कळणार कसे? रास्त प्रश्न. ज्याला सगळं बंद नको, त्यानं त्या-त्या ॲपच्या नावावर क्लिक करून लॉक स्क्रीनवर मजकूर खासगी ठेवण्याचा पर्याय निवडावा. काहीतरी आलंय एवढं कळतं, काय आलंय ते दिसत नाही.

घरी जाऊन त्यानं आपल्या कॉम्प्युटरवरही तेच केलं, मग विंडोजचं बटण आणि एल दाबून कॉम्प्युटर लॉक केला, मोबाइलवरून स्वतःलाच मेल टाकला आणि बाकावर, आजोबांच्या जागी बसून पाहिलं. पडद्यावर फक्त घड्याळ होतं. हे त्यानं मला फोन करून सांगितलं.

तेव्हापासून मी पहिल्या भेटीतच विचारते: तुमचे मेसेज कुठं-कुठं येतात, आणि त्या पडद्यासमोर कोण बसतं? आठवण पाठवताना फक्त वार आणि वेळ लिहिते.

आईला सांगायचं का, हा विषय पुढं त्यानंच काढला. त्यावर आमच्या दोन भेटी गेल्या. कापूस वेचायच्या दिवसांत वावरात दोघंच असताना त्यानं तिला सांगितलं. आता सोमवारी रात्री तीच विचारते, "उद्या जाचं हाये ना?"