चेंडू दोघींच्या मध्ये पडतो तेव्हा

“मॅडम, एकेक मुलगी घ्या, चांगली खेळते. पण सहा जणी कोर्टवर उतरल्या की टीम दिसत नाही, नुसत्या सहा जणी दिसतात.”

माझ्याकडे सल्ला मागायला आलेले, चौदा वर्षांखालच्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवणारे एक सर सांगत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) फुटबॉल, बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांकडूनही हेच गाऱ्हाणं येतं. सरांनी आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं: घोषवाक्य, एकसारखे टी-शर्ट, मॅचआधी घोळका करून आरोळी. न्यूझीलंडच्या रग्बी संघातले नावाजलेले खेळाडू मॅचनंतर स्वतः ड्रेसिंग रूम झाडतात, हे कुठेतरी वाचून त्यांनी सरावानंतर कोर्ट झाडायचीही पद्धत पाडली. झाडू कोणाच्या हातात असतो, मी विचारलं. “लहान मुलींच्या.” तिकडे तो मोठ्यांच्या हातात असतो, सगळी मेख तिथेच आहे.

परवानगी घेऊन मी एक सराव बघायला गेले. सर्व्हिस आली, चेंडू मागच्या दोघींच्या बरोबर मधोमध. दोघी अर्धं पाऊल पुढे सरकल्या, थांबल्या, चेंडू खाली. “माझा!” असं कोणीच ओरडलं नाही. पुढे उभ्या असलेल्या स्मॅशरने (उडी मारून चेंडू जोरात पलीकडे मारणारी, टीममधली सगळ्यात चांगली खेळाडू) कमरेवर हात ठेवून वर पाहिलं. त्या दोघींनी सरांकडे पाहिलं. आणि सरांनी पाहिलं स्मॅशरकडे. मग ओरडले, “किती वेळा सांगायचं? बोला एकमेकींशी!”

सरांच्या मते हा बोलण्याच्या सवयीचा प्रश्न होता. मला तसं वाटलं नाही, कारण त्याच मुली पाणी प्यायला बसल्या की त्यांचं तोंड मिटत नव्हतं. हिशोब साधा आहे. “माझा” म्हटलं आणि चेंडू सुटला, तर चूक पूर्ण माझी. गप्प राहिलं तर निम्मी दुसरीची. चुकीची किंमत एवढी मोठी असेल तर गप्प बसणं हा शहाणपणाच आहे, आणि मुली शहाण्या होत्या.

“पण मी ओरडणं सोडलं तर शिस्त राहील का? जिंकणार कशा?” ही शंका जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षक काढतो, म्हणून तिचं उत्तर जरा सविस्तर देते. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांवर बरीच वर्षं काम केलं. चांगल्या खेळाची लगेच दखल घ्या, चुकीनंतर आधी धीर द्या आणि मग पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा, अपमान करू नका, एवढंच ते शिकवत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात असं प्रशिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांच्या हाताखालची २६ टक्के मुलं पुढच्या मोसमात परतली नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांकडची फक्त ५ टक्के गळाली. जिंकण्या-हरण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे ओरडण्याने सामने हाती लागत नाहीत, मुलं तेवढी हातची जातात.

सरांना मी दोन कामं दिली. पहिलं म्हणजे चुकीनंतर एकच वाक्य बोलायचं, तेही पुढच्या चेंडूबद्दल: “पाय आधी हलव.” दुसरं, सरावाच्या गेममध्ये गुण देण्याची पद्धत बदलायची. न ओरडता घेतलेला चेंडू कितीही सुंदर उचलला तरी गुण समोरच्यांना. ओरडून सुटला तर तो पॉइंट पुन्हा खेळायचा. सुरुवातीला नुसता गोंधळ. चौघी एकदम “माझा” म्हणायच्या, टकरी व्हायच्या. सरांचा फोन आला, “आधी शांतपणे हरत होतो, आता बोंब मारून हरतोय.” मला मात्र ही प्रगतीच वाटली.

अवघड भाग पुढे होता. नेट बांधून झालं की स्मॅशर यायची. “तिला क्लास असतो,” सर म्हणाले. रोज? नाही, आठवड्यातून दोनदा. मग इतर दिवशी? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. “तिला बोललो आणि ती दुसऱ्या क्लबात गेली तर?” जाऊ शकते, मी म्हटलं. खोटा दिलासा देण्यात अर्थ नव्हता. पण टीममध्ये खरे नियम कोणते, हे मुली भिंतीवरचा कागद वाचून ठरवत नाहीत. सगळ्यात चांगल्या खेळाडूला काय माफ आहे, हे बघून ठरवतात.

त्या मुलीशी मी वेगळं बोलले. तिची तक्रार ऐकून सर चकित झाले. “दुसरीचा स्मॅश बाहेर गेला तर कोणीतरी पाठीवर थाप मारतं. माझा गेला की सगळ्या गप्प. सरसुद्धा.” सूट मिळाली होती खरी, पण त्याच सवलतीने तिला एकटं पाडलं होतं.

मग मुलींनी बसून स्वतःच मोजके नियम ठरवले. नेट आणि झाडू पाळीपाळीने, सुरुवात मोठ्यांपासून. न कळवता उशीर झाला तर पहिला सेट बाहेर. सगळ्यांनी सह्या केल्या, सरांनीही, कारण उशिरा येण्यात तेही मागे नव्हते.

व्हायचं तेच झालं. एका महत्त्वाच्या मॅचला स्मॅशर उशिरा आली, कळवलंही नव्हतं. सरांनी तिला बसवलं. पहिला सेट गेला, पुढे मॅचही गेली. संध्याकाळी वडिलांचा फोन: पोरीचं नुकसान करताय. काय उत्तर देऊ, सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, समजूत घालत बसू नका, समोरासमोर भेटा आणि मुलीलाही बोलवा.

भेटीत नियम तिनेच वडिलांना समजावला. त्यांना तो पटला नाही. पुढच्या मोसमात ती इथे खेळेल की नाही, ते अजून ठरलेलं नाही. सरांनी आणखी दोघींना स्मॅशचा सराव द्यायला घेतला आहे. त्यातल्या एकीला स्मॅशर स्वतः उडी शिकवते.