दीड तासात काय खेळावं?

मी समीक्षक नाही. दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेत लेथसमोर उभा असतो, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगला माप देतो. घरी जेवण, मुलीचा अभ्यास, उद्याच्या डब्याची चर्चा उरकली की साडेदहाला टीव्ही माझ्या ताब्यात येतो आणि मी प्लेस्टेशनवर गेम खेळतो. बाराला आतल्या खोलीतून आई खाकरते, की संपलं. तेव्हा वाचकांनी गेमबद्दल विचारलेल्या प्रश्नांवरची ही मतं दीड तासवाल्या माणसाची आहेत. रात्रभर खेळणाऱ्या पोरांनी ती त्या हिशेबानं घ्यावीत.

'एल्डन रिंग' सेलमध्ये घेतली. किल्ल्याच्या दारातला तो शिंगवाला मार्गिट तीन आठवडे मला मारतोय. चाळीस वेळा तरी मेलो असेन. पैसे वाया गेले का?
– एक विद्यार्थी, निपाणी

चाळीस म्हणजे काहीच नाही रे, माझा आकडा साठच्या पुढं गेला होता. पण मला सांग, त्याच दारावर धडका कशाला देतोयस? या गेमची खरी गंमत हीच आहे की दार उघडत नसेल तर पाठ फिरवून खुशाल निघून जाता येतं. दक्षिणेला पूल ओलांडून वीपिंग पेनिन्सुला आहे, तिकडं आठवडाभर भटक. जीव वाढवायचा तर आधी 'व्हिगर' वाढव, वीसपर्यंत ने. नवी पोरं सगळे पॉइंट ताकदीत घालतात आणि एका फटक्यात आडवी होतात. तलवार सुरुवातीच्या पडक्या चर्चमधल्या ऐरणीवर तीन पायऱ्यांपर्यंत वाढवता येते, ती वाढव. त्याच चर्चमध्ये घोडा मिळाल्यावर रात्री जा. तिथं बसलेली बाई घंटा आणि लांडग्यांची राख देते. घंटा वाजवून मार्गिटच्या अंगावर तीन लांडगे सोडले की तुला श्वास घ्यायला जागा मिळते. आणि मर्कवॉटर गुहेतल्या पॅचेसकडं 5,000 रून्सना (गेममधलं चलन) एक साखळी मिळते. पहिल्या टप्प्यात ती वापरली की मार्गिट जमिनीला खिळतो. लबाडी वाटेल, पण गेमनंच ठेवलीय, वापर.

आता खरं दुखणं. मार्गिट काठी वर उचलतो आणि थांबतो. आपण काठी वर गेली रे गेली की लोळतो. लोळून उठतो न उठतो तोच काठी डोक्यात बसते. म्हणजे तो आपल्याला मारत नाही, आपल्या घाईला मारतो. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघितल्यास ना? मुरलेला मल्ल नुसता हात पुढं करतो, धरत नाही. समोरचा बिचकून हलला की मग पट काढतो. तसंच आहे हे. काठी वर गेली म्हणून हलू नकोस, ती खाली यायला लागली की मग लोळ. एक संध्याकाळ हल्लाच करू नकोस, नुसता चुकवत राहा. मला त्या एका संध्याकाळीच तो कळला.

एक तक्रार मात्र माझीही आहे. 2022 सालचा एवढा मोठा गेम आणि त्यात पॉजचं बटण नाही. दारावर कुणी आलं तरी मार्गिट थांबत नाही.

लग्नाला सहा महिने झाले. हे रोज रात्री खेळत बसतात. मलाही शिकायचंय, पण मारामारी नको. दोघांनी मिळून खेळण्यासारखं काही आहे का?
– एक ताई, शहापूर

ताई, आहे, आणि फार चांगलं आहे. 'इट टेक्स टू', 2021 चा. एकट्यानं खेळताच येत नाही. एकाच टीव्हीचे दोन भाग होतात, दोघांच्या हातात एकेक पॅड (कंट्रोलर), आणि एकाचं अडलं की दुसऱ्याशिवाय सुटत नाही. त्या वर्षीचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार द गेम अवॉर्ड्समध्ये यालाच मिळाला होता.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. बायकोनं तोवर मोबाईलवर फक्त कँडी फोडल्या होत्या. सुरुवातीला माळ्यासारख्या एका शेडमध्ये नवऱ्याच्या बाहुलीकडं खिळे असतात, बायकोच्या बाहुलीकडं हातोडी. त्यानं लांब फळीवर खिळा फेकायचा, तिनं हातोडी त्या खिळ्याला अडकवून झोका घेऊन पलीकडं जायचं. मी खिळा फेकून तयार, आणि ही तिकडं भलत्याच दिशेला उडी मारून खाली. पाच वेळा. सहाव्यांदा मी जरा चढ्या आवाजात, "अगं, समोर बघ की!" म्हटलं, तर ती म्हणाली, "काय करूलालास? झोक्याला आल्यावर तू खिळा काढून घेतलास!" बघितलं तर खरंच. माझं बोट सवयीनं बटणावर जात होतं आणि खिळा माझ्या हातात परत येत होता. तेव्हापासून आमच्याकडं उद्योग उलटा आहे. खिळे तिच्याकडं, हातोडी माझ्याकडं.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवतो. ही घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या जोडप्याची गोष्ट आहे, म्हणून नव्या नवरा-बायकोनं दचकू नये. आणि मुलीच्या खोलीतल्या भागात एक कापडी हत्तीण आहे. ती गयावया करत असताना तिला कानाला, पायाला धरून कड्यापर्यंत फरफटत न्यावं लागतं, आणि ते बटण दोघांनाही दाबावं लागतं. माझ्या बायकोनं पॅड खाली ठेवला. पुढं दोन दिवस आम्ही खेळलो नाही. विनोदी गेममध्ये हे असलं का घातलं, मला आजही पटलेलं नाही. ते प्रेमाचे धडे देणारं बोलकं पुस्तकही मध्येमध्ये येऊन डोकं खातं.

हा संपला की त्याच मंडळींचा 2025 चा 'स्प्लिट फिक्शन' घ्या. दोन लेखिकांच्या कल्पनेत अडकलेली गोष्ट, एकीची यंत्रांची, दुसरीची परीकथेची. हात सरावलेला लागतो, म्हणून दुसरा. दोन्हींमध्ये एकानं विकत घेतलं की दुसऱ्याला ऑनलाइन फुकट खेळता येतं. तुमचे हे उद्या पुण्याला नोकरीला गेले तरी खेळ बंद पडायचा नाही.

'घोस्ट ऑफ योतेई' की 'असॅसिन्स क्रीड शॅडोज'? दोन्ही जपानचेच.
– एक वाचक, अथणी

योतेई. शॅडोजमध्ये ऋतू फार सुंदर बदलतात, पण नकाशाभर पेरलेली कामं उपसताना मला शेंगा निवडतोय असं वाटलं. योतेईत वाट दाखवायला वाराच असतो आणि बटणांच्या जागी टचपॅडवर बोट फिरवून शामिसेन हे तीन तारांचं जपानी वाद्य वाजवता येतं. साल 1603, बर्फाळ एझो (आजचं होक्काइदो), सूडाची सरळ गोष्ट. दीड तासात काहीतरी घडतं, एवढं मला पुरे.

सरकारनं ऑनलाइन गेमवर बंदी घातली म्हणतात. मग दुकानात प्लेस्टेशन कसे विकतात? माझा अकरा वर्षांचा मुलगा मागतोय.
– एक शिक्षिका, खानापूर

बाई, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांबद्दल आहे. रमी, पैसे लावून क्रिकेटचा संघ निवडणं वगैरे. डिस्क आणून घरी खेळायच्या गेमशी त्याचा संबंध नाही.

तरी तुमची काळजी चुकीची नाही. फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंची 'पॅक' विकत मिळतात, आत कोण निघेल ते नशिबावर. म्हणजे आपल्या जत्रेतली सोडतच. माझ्या ओळखीत एका पोरानं वडिलांच्या कार्डावरून चार रात्रीत अशी पॅकं फोडली आणि वडिलांना महिन्याचं स्टेटमेंट आल्यावर कळलं. म्हणून मशीन आणल्या दिवशीच मुलाचं खातं तुमच्या खात्याखाली, 'चाइल्ड' म्हणून उघडा, खर्चाची मर्यादा शून्य ठेवा आणि कार्ड त्यावर साठवूच नका. डब्यावर वयाचा आकडा असतो. 18 लिहिलंय म्हणजे 18, "सगळे खेळतात" हे ऐकायचं नाही.

पहिला गेम 'अ‍ॅस्ट्रो बॉट' द्या. 2024 चा, छोटा पांढरा रोबो, रक्त नाही, आणि एकेक टप्पा दहाएक मिनिटांत आटपतो. "एक झाला की जेवायला ये" असं म्हणता येतं आणि तो येऊ शकतो. त्यात रोबो वाळूवरून चालला की हातातला पॅड खरखरतो, काचेवरून चालला की टिकटिकतो. एकदा तुम्हीही हातात धरून बघा.

पॅडला हात न लावता माणूस आपोआप डावीकडं चालतो. नवा घ्यावा लागेल का?
– एक वाचक, चिकोडी

हा माझ्या धंद्यातला प्रश्न. माणूस चालवायची पॅडवरची जी काडी (स्टिक), तिच्या बुडाशी दोन पोटेंशिओमीटर असतात. जुन्या रेडिओचा आवाजाचा कान आठवा, फिरवला की खरखर व्हायची. तीच जात. कार्बनच्या पट्ट्यावर धातूचं बारीक टोक घासत जातं. पट्टा झिजला किंवा झिजलेली पूड आत साठली की मशीनला वाटतं काडी हललीय. घासणारी वस्तू झिजणारच, लेथवरचा बेअरिंग असो की हा पॅड.

आधी फुकटचे उपाय. गेमच्या सेटिंगमध्ये 'डेडझोन' वाढवा. मधली थोडी हालचाल गेम दुर्लक्षित करतो आणि माणूस थांबतो. मग पॅड बंद करून काडी एका बाजूला वाकवून फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेच्या जोडांची घाण काढणारा स्प्रे) एकच बारीक फवारा, काडी गोल फिरवा, पूर्ण वाळू द्या. याने महिना-दोन महिने जातात. खोबरेल तेल घालू नका, हसू नका, घालणारे भेटलेत मला. मी एकदा एका दुरुस्तीवाल्याकडं पॅड दिला, त्यानं 'नवीन मोड्युल टाकलं', म्हणजे काडीचा अख्खा जोड बदलला, म्हणून पैसे घेतले. घरी उघडून बघितलं तर आतला सोल्डरचा डाग जुनाच, तसाच चकचकीत. तेव्हापासून स्वतः सोल्डर करतो. तुमचा हात बसलेला नसेल तर करू नका, बोर्डाचे पट्टे उचकटून येतात. मोड्युल बदलायचंच तर 'हॉल इफेक्ट'वालं मागा. त्यात चुंबक असतो, काही घासत नाही.

'क्लेअर ऑब्स्क्युर' बद्दल एवढा गाजावाजा आहे. पण पाळीपाळीनं मारायचं म्हणजे मला झोप येते.
– एक वाचक, अनगोळ

मलाही यायची. इथं येत नाही, कारण समोरच्याची पाळी असतानाही तुमचा हात पॅडवर लागतो. तो मारायला येतो तेव्हा नेमक्या क्षणी बटण दाबलं तर वार अडतो आणि उलटा बसतो. अडवणं जमेपर्यंत चुकवण्याचं बटण वापरा, त्याला सवलत जास्त आहे. तरी जड गेलं तर 'स्टोरी' काठिण्य घ्या, त्यात कमीपणा नाही.

पण मी हा गेम गोष्टीसाठी संपवला. एक चित्रकार बाई दरवर्षी दूरच्या शिळेवर एक आकडा रंगवते, आणि त्या वयाची सगळी माणसं पाकळ्या होऊन उडून जातात. आकडा दरवर्षी एकानं कमी, गेम सुरू होतो तेव्हा 33. सुरुवातीच्या भागात बंदरावर लोक आपल्या माणसांना निरोप द्यायला जमतात, गळ्यात फुलांच्या माळा. कुणी आरडाओरडा करत नाही. मी त्रेचाळीसचा. माझा आकडा येऊन पाच वर्षं झाली असती हे लक्षात आलं आणि त्या रात्री बाराच्या आधीच बंद केलं.

फ्रान्सच्या माँपेलिएमधल्या तिसेक जणांच्या चमूचं हे काम आहे, आणि द गेम अवॉर्ड्समधला 2025 चा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार त्यांनी नेला. दोष एकच, आतल्या वाटांना नकाशा नाही. मी एका गुहेत तीन वेळा त्याच जागी आलो. आमच्या खडेबाजारात नवखा माणूस फिरतो तसा.

आपल्या गोष्टींवरचा चांगला गेम कधी येणार? मराठीत तर काहीच नाही.
– एक वाचक, येळ्ळूर

'राजी' खेळलात का? पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं 2020 मध्ये काढला. भावाला सोडवायला निघालेली डोंबारी पोर, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वाड्यांच्या भिंती, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे. बघताना ऊर भरून येतो. खेळताना मात्र तलवार-त्रिशुळाची मारामारी पोकळ लागते, आणि चार-पाच तासांत गोष्ट अशी तुटते की डिस्क अडकली की काय वाटतं. आपला आहे म्हणून मी दोन गुण जास्त देणार नाही. पुढं हिंदी आवाजही घातले, ते ऐकून खेळा, इंग्रजीपेक्षा कितीतरी जिवंत.

तुलनेला चीनचा 'ब्लॅक मिथ: वूकाँग' घ्या, 2024 चा. वानरराजाची त्यांची जुनी कथा आहे, पण कुठंही समजावून सांगत बसत नाहीत. ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. राजी मात्र प्रत्येक मूर्तीपाशी थांबून परदेशी पाहुण्याला माहिती देते. मला तिथं खटकतं. येळ्ळूरच्या माणसाला गावचा किल्ला राजहंसगड कशासाठी आहे ते पाटी लावून सांगावं लागतं का?

मराठी अक्षरं पडद्यावर यावीत असं मलाही वाटतं. माझी मुलगी इंग्रजी ओळी वाचून आजीला मराठीत सांगते आणि आजी शेजारणीला कानडीत. तोवर आमचं भाषांतर खातं असंच चालू आहे.

डिस्क घ्यावी की डिजिटल?
– एक वाचक, हुक्केरी

डिस्क. खेळून झाली की विकता येते, नाहीतर अदलाबदल करता येते. फक्त मशीन घेताना ड्राइव्ह असलेलंच घ्या. बिनड्राइव्हचं स्वस्त पडतं खरं, पण स्लिम मॉडेलला नंतर ड्राइव्ह जोडायचा तर पैसेही वेगळे आणि पहिल्या जोडणीला इंटरनेटही लागतं.

वडगावच्या माझ्या एका मित्राची 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' गेल्या दिवाळीपासून माझ्याकडं आहे. तो हे वाचत असेल तर रविवारी आणून देतो. शेवटचा बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, राहिलाय.