बदलीच्या यादीत माझ्या मुलाचा आजार कशाला?

वाचकांचे प्रश्न : कचेरी आणि कायदा

उत्तरे देत आहेत जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेल्या कार्यालयीन अधीक्षक. पत्रलेखकांची नावे-गावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझा धाकटा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे, म्हणून ऑनलाइन बदलीसाठी मी विशेष संवर्ग भाग १ मधून, म्हणजे आजारपण किंवा घरची अडचण असलेल्यांना प्राधान्य मिळणाऱ्या गटातून, अर्ज भरला. पात्र शिक्षकांची यादी संकेतस्थळावर लागली. तिच्यात माझं नाव, शाळा, जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि शेवटच्या रकान्यात ‘मतिमंद मुलाचे पालक’ असं छापलं आहे. ती पीडीएफ तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. आता माझं नाव गूगलवर टाकलं की पहिली हीच यादी येते. मोठी मुलगी लग्नाची आहे. दाद कुणाकडे मागू? की सरकारी नोकरी आहे म्हणून सोसायचं?

उत्तर : बाई, सोसू नका. तुमची तक्रार रास्त आहे आणि ती लेखी करायला हवी.

आधी तुमचं कोणतं आणि लोकांचं कोणतं ते वेगळं करू. तुमचं नाव, हुद्दा, शाळा, नेमणुकीची तारीख, पगार हे लोकांना कळायलाच हवं. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, २००५ पासून, कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी कलम ४ मध्ये दिल्या आहेत. कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि मासिक वेतन त्यात येतं. घरचा पत्ता, आधार, पॅन, बँक खातं, मुलाबाळांची प्रकृती यातलं काहीही त्या १७ मध्ये नाही. तुमच्या मुलानं सरकारी नोकरी धरलेली नाही. त्याच्या आजारात लपवण्यासारखं काही नाही हे तुम्हीही जाणता, पण तो कुणाला आणि केव्हा सांगायचा हे तुमच्या घरानं ठरवायचं, बदली कक्षानं नव्हे.

कार्यालय तुम्हाला सांगेल की यादी जाहीर करावीच लागते, इतर शिक्षकांना आक्षेप घेता यायला हवा. ते खरं आहे. भाग १ मधून अर्ज करणाऱ्याला आधी शाळा मिळते, मागच्यांची संधी हुकते, तेव्हा त्यांना यादी दिसायलाच हवी. पण आक्षेप घ्यायला काय लागतं? नाव, शाळा, सध्याच्या शाळेतली सेवा, संवर्ग भाग १ की भाग २ (पती-पत्नी एकत्रीकरण), आणि प्रमाणपत्र तपासलं की नाही, तपासलं तर कोणी. ‘यांचा भाग १ चा दावा मला मान्य नाही’ एवढं लिहिलं की कार्यालयानं फाइल उघडून कागद पडताळायचे. कारण फाइलमध्ये असतं, ते यादीत छापून आक्षेप अधिक मजबूत होत नाही.

भाग १ मध्ये कोण कोण येतं ते पाहा, म्हणजे हा शेवटचा रकाना किती जड आहे ते कळेल. पक्षाघात झालेले, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, डायलिसिसवर असलेले, कर्करोगाचे रुग्ण, थॅलेसेमियाच्या मुलांचे पालक, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, वयाची ५३ वर्षं उलटलेले. माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट त्या एका रकान्यात मावते. बदल्या ऑनलाइन व्हायच्या आधी समुपदेशन, म्हणजे एकेकाला बोलावून शाळा निवडायला लावणं, जिल्हा परिषदेच्या सभागृहात व्हायचं. नाव पुकारलं की मागोमाग कारणही माइकवरून पुकारलं जाई. ‘परित्यक्ता’ हा शब्द माइकवर ऐकून उठून उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. खाली मान घालून त्या टेबलापर्यंत यायच्या आणि फलकावरची शाळा न वाचताच सही करून जायच्या. तेव्हा ते निदान सभागृहापुरतं होतं, दुसऱ्या दिवशी लोक विसरत. पीडीएफ कुणी विसरत नाही.

आता अर्ज. तो योग्य मार्गानं, म्हणजे मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्या आणि आगाऊ प्रत थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा. यादीच्या त्या पानाची छापील प्रत आणि पीडीएफची पूर्ण लिंक जोडा. भाषा साधी ठेवा : ‘माझी बदलीतील पात्रता जाहीर करण्यास माझी हरकत नाही. माझ्या पाल्याच्या प्रकृतीचा तपशील, माझी जन्मतारीख व खाजगी भ्रमणध्वनी क्रमांक वगळून सुधारित यादी त्याच ठिकाणी प्रसिद्ध करावी व जुनी फाइल सर्व्हरवरून काढावी.’ शेवटचे चार शब्द विसरू नका. पानावरची लिंक काढली तरी फाइल सर्व्हरवर तशीच राहते आणि जुना पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला ती उघडता येते. फाइल खरोखर गेली की गूगलकडे कालबाह्य मजकूर काढण्याची विनंती करता येते, ती तुम्ही स्वतः करू शकता. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

कायद्याचा आधार कुणी विचारला तर हा सांगा : खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं ऑगस्ट २०१७ मध्ये एकमतानं म्हटलं. नोकरी सरकारी असली म्हणून तो अधिकार सरकारजमा होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली प्रत मात्र परत येणार नाही, ती आशा मी तुम्हाला दाखवत नाही. जमलं तर त्या यादीतल्या इतर बायकांना सोबत घ्या. एकटीचा अर्ज टेबलावर पडून राहतो, दहा सह्यांचा पुढे सरकतो.

प्रश्न : माझी पत्नी अंगणवाडी सेविका आहे आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, म्हणूनही काम करते. तिचा नंबर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. कामाचे फोन येतात त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री अकरा-साडेअकराला काही माणसं नुसती बोलायला फोन करतात. नंबर बंद केला तर कामात कसूर म्हणतील. काय करावं?

उत्तर : भाऊ, बीएलओपर्यंत मतदाराला पोचता यायलाच हवं, म्हणून तिथं नंबर असण्याला माझा विरोध नाही. विरोध याला आहे की तो तिचा घरचा नंबर आहे, रिचार्जही तीच मानधनातून भरते, आणि मुलांच्या शाळेपासून बँकेपर्यंत सगळीकडे तोच दिलेला आहे. तहसीलच्या निवडणूक शाखेत लेखी द्या की बीएलओच्या कामासाठी वेगळं सिम द्यावं आणि संकेतस्थळावरचा नंबर बदलावा. ते होईपर्यंत स्वतःच दुसरं सिम घेऊन तो नंबर कळवला तरी चालेल. खर्च तुमचा होतो, हे चुकीचंच आहे, तरी आज रात्रीपुरता तोच उपाय हाताशी आहे.

त्या माणसांचं वेगळं. एकदा स्पष्ट शब्दांत ‘पुन्हा फोन करू नका’ असं मेसेजनं कळवा, म्हणजे नोंद राहते. त्यानंतरही फोन येत राहिले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागतं. नकार कळूनही बाईशी वारंवार संपर्क साधणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॉलची यादी घेऊन ठाण्यात जा आणि तक्रार तिच्या नावानं द्या. ‘नंबर तर सरकारी साइटवर आहे ना?’ असं ठाण्यात कुणी म्हणालं तर सांगा, मतदार यादीच्या कामासाठी आहे.

प्रश्न : मी वीस-बावीस वर्षं माहितीच्या अधिकारात काम करतो. तुमच्यासारखे लोक खाजगीपणाचं नाव घेतात आणि फायदा बोगस प्रमाणपत्रवाल्यांना होतो. आमच्या जिल्ह्यात धडधाकट माणसं दिव्यांग म्हणून सोयीच्या शाळा घेऊन बसली आहेत. मी यादी मागितली तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला. आता बोला.

उत्तर : दादा, बोलते. तुमचा राग मला पटतो, कारण नकाराचा तो शिक्का पहिल्या अपिलाच्या फाइलींवर मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं कलम ८(१)(ञ) पूर्वी लांबलचक होतं : सार्वजनिक कामकाजाशी ज्याचा संबंध नाही, किंवा जी दिल्यानं खाजगी जीवनात विनाकारण घुसखोरी होईल, अशी माहिती नाकारता येई. शिवाय जे संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये, अशी पुस्ती होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याच्या कलम ४४(३) नं हे सगळं काढून ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा हा बदल लगेच लागू झाला. पण तुमची-आमची माहिती नीट सांभाळण्याची जी जबाबदारी त्याच कायद्यानं कार्यालयांवर टाकली, तिला अठरा महिन्यांची मुदत दिली. झाकण्याचा अधिकार आज, जपण्याचं कर्तव्य दीड वर्षानं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि हा क्रम ज्यांनी लावला त्यांना तो विचारला पाहिजे.

शिक्षिकाबाईंचा आणि तुमचा झगडा एकमेकांशी नाही. मुलाच्या आजाराचा रकाना उघडा टाकणारं आणि तुम्हाला सगळीच यादी नाकारणारं कार्यालय एकच असतं. दोन्हीकडे आळस तोच : रकाने वेगळे करायचे नाहीत. त्यासाठी माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम १० आहे. देता न येणारा भाग काढून उरलेली माहिती द्यायची. ते कलम बदललेलं नाही. कलम ८(२) ही शाबूत आहे, लोकहित मोठं असेल तर वैयक्तिक माहितीही देता येते. अपिलात ही दोन्ही कलमं आकड्यासह लिहा.

मात्र मागणी नीट करा. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याबद्दल मागितलेल्या माहितीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये निकाल दिला. ज्ञापनं, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्तेची विवरणं हे कर्मचारी आणि मालक यांच्यातलं आहे, मोठं लोकहित दाखवल्याशिवाय मिळणार नाही, असं त्यात म्हटलं. ‘अमुक शिक्षकाचं प्रमाणपत्र द्या’ म्हटलं की माहिती अधिकारी हाच निकाल पुढे करतो आणि कलम ११ खाली त्या शिक्षकाला पाच दिवसांत नोटीस काढून मोकळा होतो. त्याऐवजी हे मागा : भाग १ मधून किती जणांना लाभ मिळाला, प्रकारनिहाय संख्या किती, किती प्रमाणपत्रं फेरतपासणीला गेली, कुठल्या वैद्यकीय मंडळाकडे, कोणत्या तारखेला, किती जण गैरहजर राहिले, किती अपात्र ठरले, आणि त्यांच्यावर काय कारवाई झाली. यातली एकही गोष्ट कुणाची वैयक्तिक नाही. २०२५ मध्ये दिव्यांग कल्याण विभागानं कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी लावली, तिचा जिल्ह्याचा अहवाल मागा. प्रकारात एखादाच माणूस असेल तर संख्या सांगतानाही तो ओळखू येतो, तिथं कार्यालयानं दोन प्रकार एकत्र केले तर हरकत घेऊ नका.

एखादा बोगस ठरला, कारवाई झाली, की त्याचं नाव मागा, आणि मिळालं नाही तर राज्य माहिती आयोगापर्यंत जा. दिव्यांगांच्या हक्काचा लाभ लबाडीनं घेतला तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. तिथं झाकण्यासारखं काही उरत नाही. आणि मोठ्या पदांवरच्यांची मालमत्ता जाहीर व्हावी या मागणीत मी तुमच्या बाजूची आहे. भारतीय प्रशासन सेवेतल्या अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची विवरणं केंद्राच्या संकेतस्थळावर असतात, ती असावीतच. ज्याच्या सहीनं जमिनी आणि ठेके फिरतात त्याचा हिशेब वेगळा, पंचवीस पोरांच्या शाळेवरच्या बाईंचा वेगळा.

प्रश्न : मी पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे. ज्येष्ठता यादी अपलोड करण्याचं काम माझ्याकडे आहे. साहेब म्हणतात आहे तशी टाक. मी आधार आणि मोबाइलचे रकाने एक्सेलमध्ये ‘हाइड’ करून टाकतो. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. हाइड केलेला रकाना कुणीही दोन क्लिकमध्ये उघडतो. रकाने पुसून नवी फाइल करा, मग पीडीएफ काढा. पीडीएफवर काळी पट्टी ओढून भागत नाही, बऱ्याचदा पट्टीखालचा मजकूर कॉपी होऊन बाहेर येतो. पीडीएफ केल्यावर एक आधार नंबर शोधून पाहा, सापडला तर फाइल पुन्हा करा.

आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्याच्या कलम २९(४) नं मनाई आहे, साहेबांना हे एक कलम दाखवलंत तरी ते थांबतील. जातीचा प्रवर्ग आणि नेमणूक दिनांक यादीत लागतात, कारण हरकती त्यावरच येतात. जन्मतारीख दोघांची नेमणूक एकाच दिवशी असेल तेव्हा लागते, तिथं ठेवा. सगळ्यांची पूर्ण जन्मतारीख, निवृत्तीचा दिनांक आणि मोबाइल एकत्र छापला तर निवृत्तीच्या तोंडावर ‘तुमची पेन्शन अडकली आहे’ म्हणून फोन करणाऱ्या भामट्यांचं काम सोपं होतं. त्या फोनला बळी पडलेले निवृत्त शिक्षक तुमच्या तालुक्यातही सापडतील, विचारून पाहा.

साहेबांनी तरीही ‘आहे तशी’ म्हटलं तर टिपणी लिहा : कोणते रकाने वगळले, का वगळले, आणि मान्यतेस सादर. सही त्यांची घ्या आणि मगच अपलोडचं बटण दाबा.