पांढुर्ण्याहून नागपूरला आलात : कार्ड नाही म्हणून उपचार थांबवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बुटीबोरीच्या नोकरीसाठी पांढुर्ण्याहून आलात, मानेवाड्याकडे भाड्याने खोली घेतली. घरात ७१ वर्षांची आई, तिला शुगर-बीपी. बायकोला चौथा महिना. हातात मध्य प्रदेशचं आयुष्मान कार्ड आणि समग्र आयडी (तिथला कुटुंबाचा ओळख क्रमांक), महाराष्ट्राचं रेशन कार्ड नाही. शेजारी म्हणतात, ‘इथलं कार्ड केल्याशिवाय काही होत नाही.’

शेजाऱ्यांचं निम्मंच बरोबर आहे. उपचाराला रहिवासाचा कागद लागत नाही, योजनेला लागतो. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत रोज छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, बैतूलकडचे पेशंट येतात आणि केसपेपर काढून डॉक्टरपर्यंत पोचतात. ओळखीसाठी आधार दाखवा, त्यावरचा पत्ता पांढुर्ण्याचा असला तरी चालतो. कार्डाचा प्रश्न येतो तो मोठं ऑपरेशन, स्टेंट, कॅन्सर अशा खर्चाच्या वेळी. म्हणून दवाखान्यात जाणं आज सुरू करा आणि कागदाचं काम त्याच्या जोडीला चालू द्या. लोक नेमके कागदाच्या मागे लागून तपासण्या लांबवतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट बघा, कारण तिच्यावर बाकीचं बरंच ठरतं. तुमचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयसीमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्यात येता. पगारपत्रकात ०.७५ टक्के कपात दिसते का पाहा. दिसत असेल तर एचआरकडून ई-पहचान कार्ड काढून घ्या, त्यात बायकोचं नाव घाला आणि दवाखाना घराजवळचा निवडा. आईचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ९,००० रुपयांच्या आत असेल तर अवलंबून म्हणून तीही बसते. आधीच्या कंपनीतला विमा क्रमांक असेल तर तोच द्या. घाईत नवा क्रमांक काढला की वर्गणी दोन ठिकाणी विभागली जाते आणि मोठ्या उपचाराच्या वेळी ‘हप्ते पुरत नाहीत’ असं उत्तर मिळतं. ईएसआयसीचं रुग्णालय सोमवारीपेठेत आहे, पण तातडी नसेल तर आधी तुम्ही निवडलेला ईएसआयसीचा दवाखाना आणि तिथल्या चिठ्ठीवर रुग्णालय, असा क्रम असतो.

आता आईचं. शुगर-बीपीसाठी तिला मेडिकलच्या रांगेत उभं करू नका. महापालिकेचे दहा झोन आहेत आणि प्रत्येक झोनमध्ये नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, बोलीत ‘यूपीएचसी’. आपलं केंद्र कोणतं हे झोन ऑफिसात किंवा वस्तीतल्या आशाताईंकडून कळतं. आशाताईंना विचारणं जास्त सोपं. ३० वर्षांवरच्यांची बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी तिथे होते. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड या गोळ्या साठा असेल तशा पंधरा दिवसांच्या किंवा महिन्याच्या मिळतात. जाताना जुनी चिठ्ठी आणि रिकामं पाकीट दोन्ही न्या. कंपनीचं नाव बघून काही होत नाही, मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वाचता आलं पाहिजे. गोळी संपायच्या आठवडाभर आधी जा, म्हणजे साठा नसला तर जनऔषधीतून घ्यायला वेळ उरतो. तुमची ड्युटी सकाळची असेल तर ‘आपला दवाखाना’ या नावाचा सरकारी दवाखाना बघा, त्याची वेळ दुपारी २ ते रात्री १० आहे.

बायकोचं प्रकरण जास्त निकडीचं आहे. गर्भारपणाची नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांत व्हायला हवी असते. पांढुर्ण्याला नोंद झाली असेल तर तिथलं माता-बाल कार्ड आणि त्यावरचा आरसीएच (माता-बाल नोंदणीचा) क्रमांक इथल्या केंद्रात दाखवा. नसेल तर या आठवड्यात नवी नोंद करा. हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस या तपासण्या करून घ्या. टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे) दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने. दुसऱ्या तिमाहीपासून लोहाच्या गोळ्या १८० दिवस, सोबत कॅल्शियम. मात्र लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नये, कॅल्शियममुळे लोह शोषलं जात नाही. एक सकाळी आणि एक रात्री ठेवलं की झालं. चहाबरोबर तर लोहाची गोळी अजिबात नको. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो, त्या दिवशी डॉक्टरकडून तपासणी होते. निदान एकदा तरी तो दिवस साधा.

एक तपासणी मात्र सोडू नका : सिकलसेल. विदर्भात आणि तुमच्याकडच्या पट्ट्यातही हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर आहे. पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. पण ही चाचणी वाहक (स्वतःला आजार नाही, पण मुलाकडे जाऊ शकतो असा) कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची रक्ततपासणी लागते. शिवाय अंगात हिमोग्लोबिन फार कमी असेल तर ती चुकून निगेटिव्हही येऊ शकते. बायको वाहक निघाली तर तुमची तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पोटातल्या बाळाची तपासणी करायची की नाही हे ठरवायला मग फार आठवडे उरत नाहीत, आणि चौथा महिना लागलेलाच आहे.

बाळंतपणासाठी गांधीबागेतलं डागा स्मृती स्त्री रुग्णालय सरळ पडतं. डागा सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे. त्या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, भरती, सगळं मोफत आहे. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतात, त्यांना तो निर्णय लागू नाही. ‘सरकारी म्हणजे फुकट’ समजून गेलेल्यांची तिथल्या खिडकीवर हुज्जत होते ती यामुळे. बाळंतपणापुरतं मात्र जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सगळ्याच सरकारी रुग्णालयांत नॉर्मल, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि १०२ ची गाडी मोफत आहे. त्याला रेशन कार्ड लागत नाही. गुंतागुंत दिसली तर डागातून मेयो किंवा मेडिकलला पाठवतात, म्हणून सोनोग्राफीचे सगळे कागद एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा. पहिलंच बाळ असेल तर मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पात्रतेच्या कागदांत आयुष्मान कार्डही चालतं. पैसे मात्र आधार जोडलेल्या तिच्या स्वतःच्या खात्यातच येतात, तुमच्या खात्यात नाही. इथेच निम्मे अर्ज अडकतात.

मेडिकलबद्दल चार शब्द, कारण कधी ना कधी जावं लागेलच. केसपेपरची रांग सकाळी लागते, ओपीडी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोचलात तर दुपारच्या आत मोकळे होता. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो असे मोठे विभाग युनिटांत वाटलेले असतात आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. मंगळवारी ज्या युनिटने पाहिलं, त्यांच्याकडे पुन्हा मंगळवारीच. दुसऱ्या वारी गेलात तर दुसरं युनिट पहिल्यापासून सुरुवात करतं, नव्या तपासण्या लिहितं, आणि मग ‘सरकारी दवाखान्यात कोणी लक्ष देत नाही’ अशी तक्रार होते. केसपेपरवर युनिट आणि वार लिहिलेला असतो, घरी येताच त्याचा फोटो काढा. रक्ताचे नमुने सकाळीच घेतात. डॉक्टरांनी अकराला लिहून दिलं आणि तुम्ही आधी चहाला गेलात की तो दिवस गेला. दर फार नाहीत, पण तेवढेही झेपत नसतील तर वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. शुल्कमाफीचा कागद त्यांच्या टेबलावरून पुढे जातो, डॉक्टरांकडे विनवण्या करून उपयोग नाही.

मेयो सेंट्रल अव्हेन्यूवर, मेट्रोच्या दोसर वैश्य चौक स्टेशनजवळ. हृदय, किडनी, मेंदूचं काही निघालं तर मेडिकलशी जोडलेलं सुपर स्पेशालिटी आहे. मिहानमधल्या एम्सला मात्र घरून ओआरएस या ऑनलाइन नोंदणीच्या पोर्टलवर विभाग आणि तारीख घेऊन जावं. नाहीतर एवढ्या लांब जाऊन रांगेतच दिवस जातो. बुटीबोरीला जाणाऱ्याला एम्स वाटेवरच पडतं, हा तुमचा फायदा. आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक काढून ठेवा, क्यूआर लावलेल्या रुग्णालयांत नोंदणीची खिडकी लवकर सुटते. पण आभा म्हणजे विमा नव्हे. १४ अंकी क्रमांक दाखवून ‘फुकट करा’ म्हणणारे बरेच दिसतात.

आता योजना. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे आणि पिवळं, केशरी, पांढरं, तिन्ही रंगांची कार्डं त्यात बसतात. ज्यांच्याकडे रेशन कार्डच नाही त्यांच्यासाठी अधिवास प्रमाणपत्राची वाट आहे. बाहेरून आलेले इथेच फसतात. अधिवासाला महाराष्ट्रात १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. एजंट ‘करून देतो’ म्हणाला तरी पैसे देऊ नका. तुमचा रस्ता रेशन कार्डाचाच. त्यासाठी आधी मध्य प्रदेशातल्या पात्रता पर्चीतून (तिथल्या रेशनच्या चिठ्ठीतून) नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग इथला पत्त्याचा पुरावा लावून अन्नधान्य वितरण कार्यालयात अर्ज करा. वन नेशन वन रेशनवर इथे धान्य मिळतं, पण त्याने महाराष्ट्राचं कार्ड झालं असं होत नाही. भाडेकरार नोंदणीकृत करून घ्या. स्टँपवर नुसता नोटरी केलेला कागद बऱ्याच ठिकाणी परत येतो. घरमालक नोंदणीला कां-कूं करतात, तर नोंदणीचा खर्च आपण उचलतो म्हणावं. बहुतेक तयार होतात.

तोवर काय? मध्य प्रदेशचं आयुष्मान कार्ड इथे चालतं, पण फक्त आयुष्मान भारतच्या पॅनेलवरच्या रुग्णालयात, आणि तेही भरती होऊन घ्यायच्या उपचारालाच. ओपीडीच्या गोळ्या त्यात नाहीत. एखादं रुग्णालय पॅनेलवर असलं तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही. हाडांसाठी आहे आणि हृदयासाठी नाही, असं होतं. भरती व्हायच्या आधी १४५५५ वर फोन करून विभागाचं नाव घेऊन विचारा, आणि तिथल्या आरोग्यमित्राच्या (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाच्या) टेबलावर जा. पैसे आधी भरून नंतर परत मिळवू, हा हिशेब डोक्यात ठेवूच नका. ही योजना कॅशलेस आहे, भरलेल्या पावतीवर ती चालत नाही. मंजुरी आधी आली पाहिजे. तातडीच्या भरतीत मात्र आरोग्यमित्राला त्याच दिवशी कळवा, कागद मागाहून देता येतात.

आईचं वेगळं कार्ड काढा. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. तुमचं कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असलं तरी तिच्या एकटीसाठी ५ लाख वेगळे मिळतात. वय आधारवरचं धरतात. जन्मतारीख चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करा. तिच्या आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर तोही जोडून घ्या. उतारवयात बोटांचे ठसे उमटत नाहीत आणि ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जात राहतो. भरतीच्या वेळी रात्री अकराला हे निस्तरता येत नाही. नावांचंही तेच : आधारवर ‘शांताबाई’ आणि रेशनवर ‘शांता’ असेल तर आताच जुळवा.

राहिल्या तातडीच्या गोष्टी. गंभीर काही झालं तर १०८, गाडी मोफत आहे. पत्ता सांगताना प्लॉट नंबरपेक्षा चौक आणि जवळचं मंदिर सांगा. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. मग दवाखाना. सरकारी पद्धतीत रेबीजच्या कातडीत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर पहिल्या दिवशी जखमेत इम्युनोग्लोबुलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते छोट्या केंद्रात नसलं तर थेट मेडिकल किंवा मेयो. चौथा डोस बरेच लोक विसरतात, कारण तोवर जखम भरलेली असते. अपघात किंवा मारहाण असेल तर एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय) नोंद झाल्याशिवाय कॅज्युअल्टीतून निघू नका, पुढे विम्याला तोच कागद लागतो. आणि एप्रिल-मे महिन्यांत आईला दुपारी रांगेत नेऊ नका. नागपूरचं ऊन पांढुर्ण्यापेक्षा वेगळं नाही, पण इथली रांग लांब असते.

आरोग्यमित्र टाळाटाळ करत असेल किंवा पॅनेलवरच्या रुग्णालयाने पैसे मागितले तर तिथूनच १५५३८८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. घरी आल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा पेशंट भरती असतानाच केलेल्या तक्रारीवर लवकर हालचाल होते.