निळा शर्ट

प्रिय बेटा,

तुझा लेख तीनदा वाचला. खाली पेनानं लिहिलंयस, ‘सर, मी तर तो गेल्यावर त्याला पाहिलं, मग निरोप कसा देऊ?’, ते आणखी दोनदा. तुझ्या मॅडमनी विचारलेलंही कळलं: मराठी भाषा गौरव दिनाच्या भित्तिपत्रकात, कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी, हा अमेरिकन नट काहून? त्यांना सांग, लिओनार्ड निमॉय, ‘स्टार ट्रेक’ या अंतराळातल्या मालिकेत स्पॉक झालेला, तो गेला तोही २७ फेब्रुवारीलाच, २०१५ साली. तारीख आपण नाही ठरवली. आणि लेख मराठीतच आहे ना? झालं तर मग.

हक्काबिक्काचा प्रश्न मला पडतच नाही. मला राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. लेखात जन्म, मृत्यू, तीन सीझन, ७९ भाग, सगळं आलंय. ‘विज्ञानकथेच्या विश्वात पोकळी’सुद्धा आलीय. आणि कच्च्या कागदावर जे होतं ते मात्र खोडलंयस: मेसमधून येऊन कॉटवर पालथी पडलेली तू, एका कानात स्पॉक, दुसऱ्या कानातला इयरफोन बंद, म्हणून तिकडून रूममेटचं घोरणं. अगं, तोच तर लेख होता! तुला दिसलं तसं लिही.

माझं ऐक. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात टीव्ही एकच, काकूंकडे. ब्लॅक अँड व्हाइट. एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवणार, खालून बाकीचे ओरडणार, ‘आलं, आलं... गेलं!’ स्पॉकसारखी बोटं फाकायची नाहीत, म्हणून आम्ही पोट्टे करंगळी आणि अनामिका दोऱ्यानं बांधून सराव करायचो.

निमॉय गेल्याची बातमी आली त्याच रात्री एका अंकानं लेख मागितला. सकाळपर्यंत हवा होता. दिला. ‘निळ्या शर्टातला स्पॉक बालपणीच मनावर कोरला गेला’ वगैरे. कौतुकही झालं. काकूंनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, ‘काहून रे, आपल्या टीव्हीत निळं कुठून आलं?’

वेळ नव्हता, जागा भरायची होती, सगळेच तसं लिहितात, हे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणेन. रात्री अकरानंतर तूही तसंच लिहिशील. पण तो शर्ट निळा आहे हे मला कितीतरी वर्षांनी, दुसऱ्याच्या रंगीत टीव्हीवर कळलं होतं, आणि तेव्हा मी चक्क हिरमुसलो होतो. माझा स्पॉक राखाडी होता. ते हिरमुसणं लिहायला हवं होतं. दिसलं होतं तसं. आता तो लेख पुन्हा कोण मागतोय? काकूही राहिल्या नाहीत.

तू ‘जगप्रसिद्ध सलामी’ म्हणून एका ओळीत उरकलंस. ती आली कुठून? बॉस्टनमध्ये लहानपणी निमॉय सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गेला होता. आशीर्वाद चालू असताना बघायचं नसतं, म्हणून सगळ्यांचे डोळे मिटलेले. या पोरानं हळूच बघितलं. आशीर्वाद देणाऱ्यांची बोटं तशी फाकलेली, हिब्रूतल्या ‘शिन’ अक्षरासारखी. पुढे शूटिंगमध्ये स्पॉकनं अभिवादन करायचं कसं, हा प्रश्न आला तेव्हा त्यानं तेच काढून दिलं. बघितलेलं दिलं, बेटा! डोळे मिटायला सांगितलेल्या वेळी बघितलेलं. आणि तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोडून टाकतेस.

त्याच माणसानं १९७५ साली ‘मी स्पॉक नाही’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं आणि १९९५ साली ‘मी स्पॉक आहे’ असं. कबूल करायला त्याला वीस वर्षं लागली. मग मला दहा-अकरा लागली तर एवढं काय!

असो. गुरुवारपर्यंत परत लिहून आण. जन्ममृत्यू एका ओळीत बसव, पोकळी काढ. इयरफोन परत घाल, घोरणंही घाल, रूममेट चिडली तर माझ्याकडे पाठव. शर्ट मात्र निळाच राहू दे. तू निळाच पाहिलास.

तुझा,
सर