पाइल काँक्रीटिंगला नक्की काय बघायचं?

डिप्लोमा करून ठाण्यात खाडीजवळ पायलिंगला (जमिनीत खोल भोक पाडून त्यात काँक्रीटचा खांब, म्हणजे पाइल, ओतायच्या कामाला) लागलायस, काँक्रीटच्या दिवशी सिनियर फक्त आरएमसीचे (प्लँटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटचे) ट्रक मोजायला लावतो, तर अजून काय बघू असं विचारलंयस. अरे ट्रक मोजणं पण कामाचंच आहे, फक्त प्रत्येक ट्रकनंतर काँक्रीट किती वर आलं ते टेपला वजन बांधून मोजायचं, नाहीतर त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

हिशोब बघ. 1 मीटर व्यासाच्या पाइलला दर मीटरला साधारण 0.785 घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे 6 घनमीटरच्या ट्रकने लेव्हल साडेसात मीटरच्या आसपास चढते. बोअर (खणलेलं भोक) थोडा रुंद पडतोच त्यामुळे साडेसहा-सात आली तर ठीक. चारच मीटर आली तर कुठेतरी कड ढासळून पोकळी झालीय. पण दहा आली तर जास्त काळजी कर, माती आत सरकलीय आणि पाइल तिथे बारीक झालाय, आणि तुमच्याकडच्या खाडीच्या मऊ चिखलात हे होऊ शकतं. वरून बेंटोनाइट (बोअरच्या कडा ढासळू नयेत म्हणून भरलेलं चिकणमातीचं पाणी) भरलेलं, आत काहीच दिसत नाही, त्यामुळे त्या वेळी तुझ्या मोजमापाशिवाय दुसरा पुरावा नाही.

ट्रेमीचा (काँक्रीट थेट तळापर्यंत नेणाऱ्या जोडपाइपचा) प्रत्येक पाइप आत सोडायच्या आधी लांबी लिहून घे, सगळे सारखे नसतात. ट्रेमीचा तळ काँक्रीटमध्ये किमान 2 मीटर बुडालेला राहिला पाहिजे. काँक्रीट उतरत नाही म्हणून फोरमन घाईत पाइप वर खेचतात आणि एकदा का तो काँक्रीटच्या बाहेर आला की बेंटोनाइट मधोमध शिरतं, मग वरून कितीही ओता तो पाइल दोन तुकड्यांचाच. म्हणून पाइप काढायच्या आधी लेव्हल घे, आत असलेल्या पाइपच्या लांबीतून काँक्रीटपर्यंतची खोली वजा करून किती बुडालेला राहील ते बघ, मगच काढायला हो म्हण, कोणी चिडलं तरी चालेल.

तळाचं पण. बोअर झाल्यावर खोली घे आणि केज (सळयांचा पिंजरा) सोडल्यावर परत घे. केजचे जोड वेल्ड होईपर्यंत गाळ खाली बसत राहतो, तो तसाच ठेवला तर पाइल खडकावर नाही, गाळावर टेकतो. फ्लशिंग (तळाचा गाळ धुऊन काढणं) काँक्रीट ओतायच्या अगदी आधी हवं, सकाळी केलं होतं हे उत्तर चालवून घेऊ नको.

स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) आयएस 2911 या पाइलच्या भारतीय मानकाप्रमाणे 150 ते 180 मिमी. ट्रॅफिकमध्ये अडकून घट्ट झालेल्या ट्रकमध्ये ड्रायव्हर पाणी घालायला लागला तर सरळ परत पाठव. आणि गेटवर किमान दोन ट्रक उभे असल्याशिवाय सुरूच करू देऊ नको, अर्ध्यात थांबलेला पाइल सावरणं फार अवघड.

वेळ, लेव्हल, पाइपची लांबी सगळं तिथल्या तिथे रजिस्टरला टाक. पुढे इंटिग्रिटी टेस्टच्या (पाइल आतून अखंड आहे का त्या तपासणीच्या) ग्राफमध्ये काही वाकडं दिसलं की पहिल्यांदा तेच पान मागतात.

आणि हो, बेंटोनाइटने काठोकाठ भरलेला बोअर रात्री साध्या जमिनीसारखा दिसतो. लाइनर (बोअरच्या तोंडाचा लोखंडी पाइप) जमिनीच्या वर ठेवायला लाव आणि रिग (बोअर खणायचं मशीन) हलली की लगेच जाळी टाकून घे.