इंटरनेट रेडिओ देशाच्या सीमेवर का अडतो?

प्रश्न : मुलीकडे लंडनला काही महिने राहायला गेले होते. इथे ठाण्यात मी मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर देशोदेशीची रेडिओ केंद्रे ऐकते. तिथे गेल्यावर मात्र त्याच अ‍ॅपवरची बरीच केंद्रे ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असे सांगू लागली. अमेरिकेतला भाचा पँडोरा या रेडिओचे नेहमी कौतुक करतो, पण तो भारतात उघडतच नाही. इंटरनेट साऱ्या जगाचे एकच असताना हे असे का व्हावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अडचण तंत्राची नसून परवान्याची आहे. कोणतेही गाणे प्रसारित करायचे तर दोन निरनिराळे हक्क आड येतात. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क रचनेवर असतो, तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क बहुधा ते काढणाऱ्या कंपनीकडे असतो. या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्था देशोदेशी वेगळ्या आहेत आणि त्यांचा परवाना सहसा आपल्या देशापुरताच चालतो. एफएम केंद्राला याचा जाच कधी झाला नाही, कारण त्याचा आवाज मनोऱ्याच्या परिसरापलीकडे जातच नाही. इंटरनेटवरचे केंद्र मात्र एकाच वेळी अनेक देशांत ऐकू येते आणि त्या प्रत्येक देशात परवान्याचा प्रश्न नव्याने उभा राहू शकतो.

तुमच्या भाच्याच्या पँडोराचीच गोष्ट पाहा. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने इंटरनेट रेडिओला ध्वनिमुद्रणांसाठी वैधानिक परवाना दिला. याचा अर्थ असा की, ठरलेले शुल्क आणि नियम पाळले की प्रत्येक कंपनीची स्वतंत्र संमती लागत नाही. अमेरिकेबाहेर या परवान्याचा उपयोग नाही. म्हणून मे २००७ मध्ये पँडोराने बहुतेक परदेशी श्रोत्यांना दार बंद केले आणि जानेवारी २००८ मध्ये, ब्रिटिश संस्थांशी शुल्काबाबत जमेना तेव्हा, तिथल्या श्रोत्यांनाही. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ही सेवा सुरू झाली, पण २०१७ मध्ये तीही आवरती घेतली गेली.

शुल्काची आकारणी कशी होते, हे समजल्याशिवाय या माघारीचे कारण कळणार नाही. मार्च २००७ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने दर ठरवला तो एका श्रोत्याने ऐकलेल्या एका गाण्यामागे : २००६ साठी ०.०८ सेंट आणि तो वाढत वाढत २०१० साठी ०.१९ सेंट. वाचताना हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण एखाद्या केंद्राला चोवीस तास सरासरी ५०० श्रोते असतील आणि ते तासाला १५ गाणी लावत असेल, तर वर्षाला ६ कोटी ५७ लाख वेळा गाणे ऐकले गेले असा हिशेब होतो. २०१० च्या दराने त्याचे शुल्क १ लाख २४ हजार डॉलरच्या वर जाते. आवडीपोटी चालणाऱ्या छोट्या केंद्राने हे पैसे आणायचे कुठून? २६ जून २००७ रोजी अमेरिकेतल्या अनेक इंटरनेट केंद्रांनी निषेध म्हणून आपले संगीत बंद ठेवले होते. नंतर छोट्या केंद्रांसाठी सवलतीचे करार झाले, पण २०१५ अखेर त्यांची मुदत संपली आणि हजारो हौशी केंद्रांना आसरा देणारी लाइव्ह३६५ ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद पडली. ती पुढे नव्या मालकीत पुन्हा उभी राहिली, हे खरे. पण त्याच अमेरिकेत मनोऱ्यावरून प्रक्षेपण करणारी केंद्रे त्या प्रक्षेपणासाठी ध्वनिमुद्रणाच्या हक्कापोटी एक पैसाही देत नाहीत आणि फक्त रचनेचे शुल्क भरतात. हा पंक्तिप्रपंच मला अन्यायाचा वाटतो.

अशा आकारणीत श्रोता वाढला की खर्च वाढतो, उत्पन्न मात्र वाढतेच असे नाही. अमेरिकी केंद्राला जाहिरात देणाऱ्या स्थानिक दुकानदाराला ठाण्यातल्या श्रोत्याचा काय उपयोग? परदेशी श्रोता त्याच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखून थांबवणे, हाच मग केंद्राला स्वस्तातला मार्ग वाटतो.

लंडनमधल्या अनुभवामागे बहुधा न्यायालयाचा एक निकाल आहे. ट्यूनइन या रेडिओच्या अ‍ॅपविरुद्ध वॉर्नर आणि सोनी या संगीत कंपन्यांनी दावा केला होता. ब्रिटनचा परवाना नसलेली परदेशी केंद्रे तिथल्या श्रोत्यांपर्यंत पोचवणे हा हक्कभंग आहे, असे इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल मुख्यत्वे कायम ठेवला. याउलट युरोपीय संघाने २०१९ मध्येच एक निर्देश काढला. त्यानुसार प्रसारण संस्थेने रेडिओचा कार्यक्रम ऑनलाइन दिला, तर तो तिच्या मूळ देशातच प्रसारित झाला असे मानले जाते आणि हक्कांचा व्यवहार तिथेच पुरा होतो. मात्र निव्वळ इंटरनेटवर चालणाऱ्या केंद्रांना हा निर्देश लागू होत नाही आणि संघाबाहेर पडलेल्या ब्रिटनने तो स्वीकारलेला नाही. कलावंताला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते एका ठिकाणी भरून पुढे वाटले जावेत, ही युरोपची वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतली काही मंडळी मराठी इंटरनेट रेडिओ सुरू करणार आहोत. जुनी भावगीते आणि नाट्यपदे लावण्याचा विचार आहे. अमेरिकेतला परवाना घेतला, तर महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनाही ऐकवता येईल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही, तो परवाना अमेरिकेतल्या श्रोत्यांपुरताच आहे. भारतात कॉपीराइट कायद्याच्या ३१-ड या कलमात, २०१२ च्या दुरुस्तीने, प्रसारण संस्थांना वैधानिक परवाना मिळाला. तथापि ही तरतूद रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरती असून इंटरनेटला लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक हे गाण्यांचे अ‍ॅप या खटल्यात दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो उचलून धरला. त्यामुळे भारतातल्या श्रोत्यांसाठी हक्कधारकांशी थेट बोलणी करावी लागतील.

अमेरिकी परवान्याच्या अटीही नीट वाचा. तीन तासांत एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त, किंवा एका गायकाची चारपेक्षा जास्त गाणी लावता येत नाहीत. कोणते गाणे कधी लागणार, हेही आधी जाहीर करता येत नाही. म्हणजे एखाद्या गायिकेच्या जयंतीला तासभर केवळ तिचीच भावगीते ऐकवण्याचा आपला नेहमीचा कार्यक्रम या परवान्यात बसत नाही.

‘जुनी’ या शब्दावरही विसंबू नका. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. त्यामुळे १९५८ च्या ध्वनिमुद्रिकेवरचा तो हक्क इथे संपलेला आहे. पण गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालू राहतो आणि त्याच ध्वनिमुद्रिकेला अमेरिकेत आजही संरक्षण आहे.

माझा सल्ला असा की, सुरुवात स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या कार्यक्रमांनी करा : मुलाखती, कवीच्या परवानगीने कवितावाचन, परिसरातल्या गायकांनी म्हटलेले ज्ञानेश्वर-तुकारामांचे अभंग. अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत. चाल पारंपरिक किंवा तुमचीच असावी आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडून सर्व देशांतल्या प्रसारणाची लेखी संमती आधीच घ्यावी. असे कार्यक्रम न्यू जर्सीत आणि नाशकात एकाच वेळी लावायला कोणाची आडकाठी राहणार नाही.